सरकती की बिजागरीची? गोव्याच्या जुन्या खिडक्यांचा हिशेब

गोव्यात जुनं घर दुरुस्तीला काढलं की छप्पर, वाळवी आणि भिंतीतली ओल यांच्यानंतर चौथा प्रश्न हमखास येतो: खिडक्या कुठल्या बसवायच्या? कंत्राटदाराचं उत्तरही ठरलेलं असतं. जुनी लाकडी चौकट उपटायची, भोक चौकोनी करून घ्यायचं आणि अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवायची. रंग नको, तेलपाणी नको, दोन दिवसांत काम खलास. मालकालाही ते पटतं, कारण जुन्या झडपा म्हणजे कुरकुर आणि गळती हीच त्याच्या डोक्यात असते.

खिडकी कशी उघडावी हा आपण आवडीनिवडीचा किंवा बजेटचा प्रश्न समजतो. गोव्याची जुनी घरं बघितली, टेप लावून मोजली, तर वेगळंच दिसतं. खिडकी कशी उघडेल हे तिथे भिंतीने ठरवलेलं आहे. या निबंधात मला एवढंच मांडायचं आहे.

आधी गज, मग झडप

गोव्यातल्या जुन्या हिंदू घरांचं तोंड आतल्या बाजूला. मधे राजांगण, राजांगणात तुळस, भोवती ओसरी आणि खोल्या. उजेड-वारा मुख्यतः राजांगणातून घ्यायचा. बाहेरच्या भिंतीला खिडक्या कमी, लहान आणि उंचावर. फोंडा, डिचोली, पेडणे या भागांतल्या जुन्या वाड्यांत हे अजून बघायला मिळतं. हे तालुके पोर्तुगिजांकडे आले ते १७६३ ते १७८८ या काळात, म्हणजे तिसवाडी, बार्देस, साष्टीनंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी. त्यामुळे तिथे जुनी रीत जास्त टिकली.

अशा खिडकीला चौकटीत लाकडी किंवा लोखंडी गज उभे ठोकलेले असतात. एकदा गज आले की झडप बाहेर उघडणं अवघड होतं, कारण गजांतून हात घालून ती ओढायची कशी? म्हणून झडप आत उघडणारी. फळी भरीव, मागे आडव्या पट्ट्या, बंद करायला आतून अडसर. संरक्षणाची गरज पहिली, उघडण्याची तऱ्हा तिच्या मागून आली.

आत उघडणाऱ्या झडपेचा एक दोष आहे. वाऱ्याचा दाब तिला उघडायला बघतो आणि झडीचं पाणी खालच्या फटीतून आत येतं. बाहेर उघडणारी झडप याच्या उलट: वारा तिला चौकटीवर दाबून बसवतो, पण उघडी असताना आकड्यात अडकवली नाही तर आपटून आपटून बिजागऱ्या सैल करते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरपा. मग आत उघडणाऱ्या झडपेने निभावलं कसं? त्याचं उत्तर खिडकीच्या बाहेर आहे. वळचण पुढे काढलेली, आणि मिरगाआधी उघड्या बाजूंना नारळाच्या विणलेल्या झापांचा, कोंकणीत ज्यांना मल्लां म्हणतात त्यांचा, आडोसा बांधलेला. झड खिडकीपर्यंत पोचायच्या आधीच अडवायची.

शिंपल्याची खिडकी

दुसरी तऱ्हा शिंपल्यांच्या खिडकीची, जी बघायला लोक लांबून येतात. शिंपला चपटा, तळहाताएवढा, पातळ आणि अर्धपारदर्शक असतो. शास्त्रीय नाव प्लाकुना प्लासेंटा. जुवारी नदीच्या मुखाशी, चिखलीच्या उपसागरात तो मिळतो. कडा कापून त्याचे चौकोनी तुकडे करायचे, बारीक लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवायचे आणि त्या जाळीची झडप तयार करायची.

फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल १६०८ ते १६१० या काळात गोव्यात होता. काचेऐवजी लाकडी चौकटीत बसवलेले घासलेले शिंपले त्याने नोंदवले आहेत. १६७३ साली इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईत उतरला, तेव्हा पोर्तुगिजांनी मागे ठेवलेल्या आणि कंपनीने बांधलेल्या इमारतींतही त्याला शिंपल्यांची तावदानं दिसली. काच समुद्रमार्गे आणायची म्हणजे महाग आणि फुटकी. शिंपला दाराशी होता.

आता या खिडकीची मापं बघा. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्याची, दोन फूट किंवा त्याहून जाड. छपराचा सगळा भार भिंतीवर, त्यामुळे भोक फार रुंद करता येत नाही. रुंद केलं तर वरची तुळई वाकणार नाहीतर कमान फुगणार. म्हणून खिडकी अरुंद आणि उंच: साधारण तीन-साडेतीन फूट रुंद आणि पाच फूट किंवा जास्त उंच. तिला मधोमध मिळणाऱ्या दोन झडपा, प्रत्येकी पावणेदोन फूट.

दोन झडपाच का, एक का नाही? पट्ट्या आणि शिंपले मिळून झडप नाजूक असते. झडपेचं वजन वरच्या बिजागरीला चौकटीपासून ओढतं. ही ओढ झडपेचं वजन आणि तिची रुंदी या दोहोंबरोबर वाढते. रुंदी दुप्पट केली तर वजनही दुप्पट, म्हणून ओढ चौपट. एकच रुंद झडप दोन पावसाळ्यांत लोंबली असती आणि शिंपले खाचांतून गळले असते. सुताराला हे सूत्र माहीत असायची गरज नव्हती. लोंबलेली झडप त्याने बघितली होती.

आणि आता मुख्य गोष्ट. पावणेदोन फुटांची झडप दोन फुटांच्या भिंतीत उघडली की ती कुठे जाते? चौकट भिंतीच्या बाहेरच्या अंगाला असेल, तर आत उघडलेली झडप भिंतीच्या जाडीतच विसावते. खोलीत येत नाही, डोक्याला लागत नाही, खिडकीखालचा कट्टा अडत नाही. भोक मात्र जवळजवळ पूर्ण मोकळं होतं. झडपा बाहेर उघडणारीही घरं आहेत, सगळीकडे एकच नियम नाही. पण जिथे चौकट बाहेरच्या अंगाला आणि झडप आत, तिथे हे माप जुळलेलं दिसतं. जाड भिंत हीच झडपेची खोबण होती.

हाच शिंपला, पण सरकता

हाच शिंपला आणखी एका देशाच्या घरांत सर्रास वापरला गेला, तो म्हणजे फिलिपाइन्स. तिथे त्याला कापिझ म्हणतात. तिथल्या स्पॅनिश काळातल्या घरांत शिंपल्यांच्या झडपा लाकडी उंबऱ्याच्या खाचांतून आडव्या सरकतात. सामान तेच, दमट हवा तीच, पावसाचा मारा तसाच, आणि उघडण्याची तऱ्हा अगदी वेगळी. असं का?

कारण भिंत वेगळी. भूकंपाच्या भीतीने त्या घरांचा खालचा मजला दगडी आणि वरचा लाकडी खांबांचा असे. भार खांबांवर, म्हणून दोन खांबांमधला पूर्ण गाळा खिडकीला मोकळा. भोक रुंद असल्यामुळे झडपा एकमेकींच्या मागे आणि बाजूला सरकवायला जागा होती. भिंत पातळ होती, त्यामुळे बिजागरीची झडप सामावायला जाडी नव्हती. शिवाय उंबऱ्याखाली गजांच्या कठड्याची छोटी खिडकी ठेवत. वरच्या झडपा पावसासाठी ओढल्या तरी खालून वारा चालू राहायचा.

म्हणजे सरकती खिडकी काही वाईट नाही. ती रुंद भोकाची आणि पातळ भिंतीची खिडकी आहे.

काच आली तेव्हा

एकोणिसाव्या शतकात काच स्वस्त होत गेली. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला. गोव्यात १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली होती. रस्त्याकडे तोंड करून, ओळीने खिडक्या मांडून घरं बांधायची रीत शहरात आणि साष्टीतल्या मोठ्या घरांत रुळली. चांदरच्या ब्रागांझा घराची चोवीस खिडक्यांची दर्शनी रांग प्रसिद्धच आहे. पोर्तुगीजमध्ये छातीएवढ्या उंचीपासून सुरू होणारी खिडकी निराळी आणि जमिनीपर्यंत येऊन कठड्यावर उघडणारी निराळी, दोन्हींना स्वतंत्र नावं आहेत. खिडकीसाठीचा त्यांचा जानेला हा शब्द आपल्याकडे जनेल होऊन राहिला.

काच आली तरी भिंत तीच, चिऱ्याची. म्हणून बिजागरीही टिकली. बदल एवढाच की कामं वाटली गेली. उजेडासाठी काचेची झडप, वाऱ्यासाठी तिरप्या पट्ट्यांची, रात्रीसाठी आणि वादळासाठी भरीव फळीची. सगळ्या घरांत तिन्ही नसत, पण दोन तरी बऱ्याच ठिकाणी दिसतात. भर पावसात फळी लावून वर काच उघडी ठेवायची, की पट्ट्या लावून काच उघडायची, हे घरातली माणसं तासातासाला ठरवत.

आज निवड करताना

आता कंत्राटदाराच्या सरकत्या खिडकीकडे परत येऊ. साडेतीन बाय पाच फुटांचं भोक म्हणजे साडेसतरा चौरस फूट. दोन खाचांची सरकती खिडकी फार तर अर्धी उघडते. चौकटीची जाडी वजा केली तर हाती आठेक चौरस फूट येतात. दोन फूट भिंतीची खोबण रिकामीच पडून राहते. शिवाय खालच्या खाचेत लाल माती साचते, पाणी जायची भोकं बुजतात आणि झडीचं पाणी मागे फिरून घरात येतं.

सरकत्या खिडकीच्या बाजूने खरं कारण एकच आहे, डासांची जाळी. बाहेर ग्रिल, मधे जाळी, आत काच हे तिथे सहज जमतं. पण जाड भिंतीत तेही अवघड नाही. गज बाहेरच्या तोंडाला, त्यामागे काढता येणारी जाळीची चौकट, मग आत उघडणारी झडप. दोन फुटांत हे सगळं बसतं. नऊ इंचांच्या भिंतीत बसणार नाही. म्हणून आरसीसीच्या नव्या घरात, रुंद भोकाला, वर पुरेशी छत्री असेल तर सरकती खुशाल घ्या. आणि पश्चिमेच्या भिंतीला छत्री नसेल, तर बाहेर उघडणारी आणि आकड्याची घ्या.

थोडक्यात, तीन मापं आधी घ्यावीत: भिंतीची जाडी, भोकाची रुंदी आणि वळचणीची लांबी. झडप भिंतीच्या जाडीहून अरुंद असेल तर बिजागरीला पर्याय शोधायची गरज नाही. जुनी झडप कुरकुरत असेल तर बहुतेकदा बिजागरी झिजलेली असते किंवा खालची पट्टी कुजलेली. दोन्ही बदलता येतात, चौकट न उपटता.

शेवटची विनंती शिंपल्यांबद्दल. २००१ सालापासून हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहे. नदीतून नवे शिंपले काढता येत नाहीत. म्हणजे गोव्यातल्या उरलेल्या शिंपल्यांच्या खिडक्या दुरुस्त करायला साठा एकच, तो म्हणजे जुन्या खिडक्या. बार्देसमधल्या तोर्ड्याच्या 'हाउझिस ऑफ गोवा' संग्रहालयात घरांचे सुटे भाग जपलेले आहेत, पण संग्रहालय सगळ्या गावांची झडपं ठेवू शकणार नाही. तुमच्या घरातली झडप मोडकी असली, तिचे निम्मे शिंपले गेलेले असले, तरी राहिलेले निम्मे शेजारच्या घराच्या कामाचे आहेत. नवी खिडकी कुठलीही बसवा, पण जुनी झडप भंगारात किंवा चुलीत घालू नका. माळ्यावर कोरड्या जागी उभी करून ठेवा, आणि गावात कोणाची खिडकी दुरुस्तीला निघाली तर त्यांना कळवा.