हरवलेला रानपिंगळा

पिंगळा हे नाव महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारी येणारा, भविष्य सांगणारा भिक्षेकरी हा एक पिंगळा. आणि तिन्हीसांजेस जुन्या झाडाच्या ढोलीतून डोकावणारे ठिपकेदार लहानसे घुबड हा दुसरा. ह्या दुसऱ्याचाच एक भाऊबंद रानपिंगळा होय. हा पक्षी शास्त्रज्ञांच्या दृष्टीस तब्बल ११३ वर्षे पडला नाही, आणि त्याच्या शोधाची वाट एका खोट्या चिठ्ठीने अडविली होती.

इ. स. १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या गृहस्थास मध्य भारताच्या पूर्वेकडील जंगलात हा पक्षी प्रथम मिळाला. पुढील वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्यास ब्लेविटचे नाव दिले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात शहाद्याच्या आसपास काही नमुने जमविले. १८८४ पर्यंत एकूण सातच नमुने संग्रहालयांत पोहोचले. पुढे सारे सामसूम झाले. सलीम अली व डिलन रिप्ली यांच्यासारख्या निष्णात पक्षिशास्त्रज्ञांचा शोधही व्यर्थ गेला.

मात्र एक नोंद मधेच आशा दाखवीत होती. कर्नल मायनरट्झहागेन यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. तो १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळाल्याचे त्यावरील चिठ्ठी सांगे. कर्नल मोठे नावाजलेले. तेव्हा त्यांच्या चिठ्ठीवर अविश्वास कोण दाखविणार? १९९० नंतरच्या दशकात पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी मात्र तो नमुना बारकाईने तपासला. पक्ष्याचे कातडे उसवून पुन्हा भरलेले होते. तरी मूळ भरणाऱ्याच्या हाताच्या खुणा आत शिल्लक राहिल्या होत्या. त्या डेव्हिडसनच्या होत्या! ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेल्या खानदेशी पक्ष्यास नवी जागा व नवी तारीख चिकटविण्यात आली होती.

चिठ्ठी खोटी ठरताच मांडवीची वाट बंद झाली व डेव्हिडसनच्या प्रामाणिक नोंदींचे मोल वाढले. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले. अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ, भर दिवसा एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला.

इतकी वर्षे तो नजरेतून का सुटला असावा? सामान्य पिंगळ्याशी असलेले साम्य हे एक कारण संभवते. परंतु रानपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले व पंजे दणकट असतात. शिवाय घुबड म्हणताच रात्र आठवते. हा मात्र दिवसाउजेडी सरडे, उंदीर व लहान पक्षी टिपतो. ह्यूम यांनी त्यास स्वतंत्र वंशात घातले होते. तो सामान्य पिंगळ्याच्याच वंशातील आहे, असा निर्वाळा २०१८ साली जनुकांच्या अभ्यासाने दिला.

पुढे मेळघाटातही त्याचा वास आढळला. २०१४ च्या ऑक्टोबरात तर भिवंडीच्या ईशान्येस, तानसा अभयारण्यात त्याचे दर्शन घडले. पश्चिम घाटाच्या परिसरातील ही पहिलीच नोंद. ज्या तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईकर पीत आले, त्याच्याच काठच्या रानात हा दुर्मिळ जीव नांदत होता आणि कोणास त्याची वार्ता नव्हती.

२०१८ साली ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून त्यास ‘संकटग्रस्त’ या वर्गात आणले गेले. पदवी किंचित सौम्य झाली, संकट मात्र टळले नाही. सागाचे रान तुटते, ढोलीची जुनी झाडे पडतात, आणि घुबडास अशुभ मानून मारणारे हातही अजून आहेत. एका खोट्या चिठ्ठीने शास्त्रज्ञांस भुलविले, पण पक्ष्याचे घर शाबूत असल्याने तो पुन्हा सापडला. ते घरच नाहीसे झाले, तर डेव्हिडसनची खरी चिठ्ठीही त्याचा पत्ता सांगू शकणार नाही.