वारीतली आंघोळ : शंभर वर्षांची गोष्ट



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची ठरली, तेव्हा मंडळी म्हणाली, "महाराज, तुम्ही जुनं काहीतरी लिहा." माझं शिक्षण चौथीपर्यंत. हातात नांगर आणि गळ्यात वीणा, लेखणीची सवय कमी. विणेकरी कोण झाले, मुक्कामाला जागा कुणी दिली, हे दुसऱ्यांनी लिहिलंच आहे. मी वेगळा विषय घेतलाय. आंघोळीचा.

हसू नका. त्याला कारण आहे. मागच्या वारीत कॉलेजातला एक पोरगा पहिल्यांदा आपल्यात चालत होता. लोणंदच्या मुक्कामाला टँकर उशिरा आला. पोरानं हातपाय धुतले, कपाळी बुक्का लावला आणि हरिपाठाला उभा राहिला. आपल्यातले एक जुने माळकरी सगळ्यांदेखत त्याच्यावर खेकसले, "आंघोळ न करता टाळाला हात लावतोस?" पोरगं बाजूला झालं. रात्री माझ्याजवळ येऊन म्हणालं, "बाबा, माणसानं किती वेळा आंघोळ करायची असते? हे ठरवलं कुणी?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी आपल्या मुलखाचं बोलू. आपण माणदेशी माणसं. इथली हवा कोरडी. उन्हाळ्यात पाठीवर घाम येतो तोवर वाळतो आणि मिठाची पांढरी रेघ राहते. कोकणात उलटं आहे. तिथं हवाच ओली, घाम वाळत नाही, अंगाला चिकटतो, वास मारतो. म्हणून कोकणातला माणूस सकाळ-संध्याकाळ दोनदा न्हातो आणि आपल्याकडचा एकदाच, तेही पाणी असलं तर. यात कोण स्वच्छ आणि कोण घाणेरडा हा प्रश्न नाही. हवा ठरवते आणि आड ठरवतो.

१९७२ चा दुष्काळ मी बारा वर्षांचा असताना पाहिला. माझी शाळा सुटली ती त्याच सुमारास. वर्गात बसायच्या ऐवजी हंडा घेऊन रांगेत बसावं लागलं. घरची मोठी माणसं खडी फोडायला जायची, आम्हाला सुकडी मिळायची. आंघोळ आठवड्याला एक. तीही बाजेवर बसून. बाजेखाली घमेलं ठेवायचं, अंगावरून पडलेलं पाणी त्यात धरायचं आणि बैलापुढं ठेवायचं. एका तांब्यात माणूस न्हायचा. त्या साली कुणी दिंडीत कुणाला विचारलं नाही की आंघोळ केलीस का. विचारणार कोण, विचारणाऱ्याचीच झाली नव्हती.

आता दुसऱ्या मुलखांचं. आपल्या गावचा एक पोरगा फौजेत होता, सियाचीनला राहून आला. तो सांगतो, तिथं प्यायचं पाणीच बर्फ वितळवून करावं लागतं. पुढच्या चौकीवर तीन तीन महिने आंघोळ नाही. थंडी इतकी की ओलं अंग म्हणजे जिवाला धोका. तो घरी आला तेव्हा त्याच्या आईनं तीन घंगाळं पाणी तापवलं आणि रडत रडत त्याला न्हाऊ घातलं.

नातवानं मोबाईलवर आणखी दाखवलं. आफ्रिकेत नामिबिया देश आहे. तिथल्या वाळवंटी भागात हिंबा नावाचे गुराखी लोक राहतात. त्यांच्या बायका पाण्यानं आंघोळ करत नाहीत, पाणीच नाही. लोणी आणि गेरूसारखी तांबडी माती एकत्र करून अंगाला लावतात आणि सुवासिक झाडपाल्याची धुरी घेतात. उन्हापासून कातडी वाचते आणि वासही राहत नाही. फिनलंड देशात बर्फ पडतो. तिथं लाकडी खोलीत दगड तापवून त्यावर पाणी मारतात आणि त्या वाफेत घाम काढतात. त्याला सौना म्हणतात. पन्नास-पंचावन्न लाख वस्तीच्या देशात तीस लाखांच्या आसपास सौना आहेत. जुनी रीत शनिवारची. आठवडाभर राबायचं आणि शनिवारी सगळ्या घरानं सौनात बसायचं. जपानात रोज रात्री गरम पाण्याच्या मोठ्या टाकीत बसतात, पण आधी बाहेर अंग चोळून धुतात आणि मगच टाकीत उतरतात. घरातली सगळी माणसं त्याच पाण्यात पाळीपाळीनं बसतात, म्हणून पाणी मळवायचं नाही हा तिथला धर्म.

आणि ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्या साहेबांचं ऐका. चारशे वर्षांमागं युरोपात लोकांना पाण्याची भीती होती. गरम पाण्यानं अंगाची छिद्रं उघडतात आणि त्यातून रोग आत शिरतो, असं तिथले वैद्यच सांगायचे. म्हणून श्रीमंत लोक आंघोळीच्या जागी आतला पांढरा सदरा बदलायचे. सदरा स्वच्छ म्हणजे माणूस स्वच्छ. पुढं ते हिंदुस्थानात आले आणि रोज न्हायची सवय इथं पाहिली. आपल्या दुकानात पुडीत मिळतो तो शाम्पू, तो शब्दसुद्धा आपल्या इकडच्या चांपण्यावरून, चंपीवरून गेलेला आहे. पाटण्याकडचा दीन महंमद नावाचा माणूस दोनशे वर्षांमागं इंग्लंडात ब्रायटन गावी गेला आणि वाफेची आंघोळ व अंग रगडण्याचं दुकान काढून बसला. साहेब रांग लावायचे.

आपल्या उपखंडात तर न्हाणीघर साडेचार हजार वर्षांचं आहे. मोहेंजोदडो गावी जमिनीतून जे जुनं शहर निघालं, त्यात पक्क्या विटांचं स्नानकुंड आहे. एकोणचाळीस फूट लांब, तेवीस फूट रुंद, आठ फूट खोल. आणि घराघरात न्हाणी, न्हाणीतून गटार. आपल्या म्हातारीची न्हाणी आणि ती न्हाणी यात फार फरक नसावा.

मग शास्त्र काय सांगतं? माळकऱ्यांना वाटतं शास्त्रात पाण्याचीच आंघोळ आहे. तसं नाही. जुन्या जाणत्यांनी सात स्नानं मोजली आहेत. पाण्याचं ते वारुण. मातीचं ते भौम. भस्माचं ते आग्नेय. गाईंच्या खुरांची धूळ अंगावर घेणं ते वायव्य. ऊन असताना पडणाऱ्या पावसात भिजणं ते दिव्य. मंत्रानं शिंपडून घेणं ते मांत्र. आणि मनात देवाचं चिंतन करणं ते मानस. आता सांगा, वारीत माउलींच्या रथामागून चालताना धूळ कुणाच्या अंगावर पडत नाही? आषाढातलं ऊनपावसाचं पाणी कुणाच्या डोक्यावर पडत नाही? आणि मुखानं नाम चाललेलंच असतं. ज्यांनी हे सात प्रकार सांगितले त्यांना हवा माहीत होती, दुष्काळ माहीत होता, म्हातारपण माहीत होतं. त्यांनी माणसाची अडचण ओळखून वाटा मोकळ्या ठेवल्या. आपण सहा बुजवल्या आणि एकीवर बसून राहिलो.

याचा अर्थ आंघोळ नको असा कुणी काढू नये. वाल्ह्याहून पुढं निघालं की नीरेवर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, आपणही पाण्यात उतरतो आणि सासवड-जेजुरीचा शीण उतरतो. तुकोबांच्या पालखीचं नीरास्नान सराटीला. पंढरीत पोचल्यावर आधी चंद्रभागा, मग प्रदक्षिणा. वारकऱ्याचं पाण्याशी नातं आहेच. पण या पाण्यानं आपली माणसं मारलीसुद्धा आहेत, तेही लिहिलं पाहिजे.

माझा आजा सांगायचा, त्याच्या लहानपणी वारीत पटकी यायची. संध्याकाळी टाळ वाजवणारा माणूस पहाटे झाकून ठेवलेला असायचा. लोक म्हणायचे मरीआई कोपली. खरं कारण असं की ज्या पाण्यात हजारो माणसं न्हायची, धुणी धुवायची, तेच पाणी तीर्थ म्हणून प्यायची. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो नावाच्या डॉक्टरानं दाखवून दिलं की पटकी पाण्यातून येते. कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरानं १८८४ साली कलकत्त्याला तळ्याच्या पाण्यात तिचा जंतू धरला. लोक त्या तळ्यात न्हायचे आणि त्याचंच पाणी प्यायचे. पुढं वारकऱ्यांना पटकीची सुई टोचून घ्यावी लागायची. लोक सुईला भिऊन आडवाटेनं जायचे. आपल्या दिंडीतल्या जुन्यांनी एक शहाणपण केलं होतं. न्हायचं धारेत, पण प्यायचं पाणी धारेपासून लांब वाळूत झरा खणून काढायचं आणि फडक्यानं गाळायचं. शास्त्र त्यांना ठाऊक नव्हतं, पण डोळे उघडे होते.

आता जे लिहितो ते लिहिताना हात जड होतो. पण शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा आणि तो वगळायचा, हे विठ्ठलाला आवडणार नाही.

आपल्या दिंडीत पूर्वी आंघोळीच्या दोन जागा असायच्या. वरच्या अंगाला सवर्णांची, खालच्या अंगाला महारवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या माळकऱ्यांची. म्हणजे आमच्या अंगावरून आलेलं पाणी त्यांनी घ्यायचं. महाडला १९२७ च्या मार्च महिन्यात डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. देऊळ उघडलं तरी पाणवठा काही लगेच उघडला नाही.

मी पंचविशीत असतानाची गोष्ट. वाटेत एका बागाईतदारानं दिंडीला मोटारीच्या पाण्यावर आंघोळीला जागा दिली. पाइपाखाली माणसं बसली. तेवढ्यात मालकानं हळूच विचारलं, "यात सगळे आपलेच ना?" आमच्यात एक म्हातारे टाळकरी होते. चोखोबांचे अभंग त्यांच्याइतके गोड कुणी म्हणत नसे. त्यांनी ते ऐकलं. कुणाला काही न बोलता धोतर खांद्यावर टाकलं आणि अर्धा कोस मागं कॅनॉलवर गेले. न्हाऊन आले, ओल्या अंगानं टाळ घेतला आणि आपल्या जागेवर उभे राहिले. मी पाइपाखाली बसलो होतो. मला उठता आलं असतं. त्यांच्याबरोबर जाता आलं असतं. मी साबण लावत राहिलो.

त्या दिवसाची आंघोळ माझी अजून झालेली नाही, असं मला वाटतं. म्हातारे गेले. माफी मागायची राहिली, म्हणून इथं लिहितो. पुढं पाच-सहा वर्षांनी वीणा माझ्याकडं आली तेव्हा पहिलं काम हे केलं की पाणवठा एक आणि रांग एक. जो आधी येईल त्याचा नंबर आधी.

दुसरी चूक बायकांच्या बाबतीतली. पुरुष पहाटे टँकरखाली उघड्यावर चार तांबे घेतो आणि मोकळा होतो. बायका मात्र रात्री दोनला उठतात, अंधारात लुगडं अंगावर ठेवूनच पाणी घेतात. तेच ओलं नेसून काकड्याला उभ्या राहतात आणि ते अंगावरच वाळतं. आमच्या घरी वीस वर्षं माझ्याबरोबर वारी केली. एकदा गुडघे दुखतात म्हणून बसल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही कीर्तनात जनाबाई सांगता. देव तिला न्हायला पाणी काढून देतो म्हणता. आम्हाला देवानं पाणी नाही दिलं तरी चालेल, एक आडोसा तर द्या." मी चाळीस वर्षं जनाबाईचं चरित्र लावलं, पण हे मला सुचलं नव्हतं. तेव्हापासून ट्रकमध्ये आधी बांबू आणि ताडपत्री चढते, मग भांडी. मुक्कामाला पोचलं की राहुट्यांच्या आधी बायकांचा आडोसा उभा राहतो.

पैठणच्या नाथबाबांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ते गोदावरीत न्हाऊन यायचे आणि एक माणूस त्यांच्यावर थुंकायचा. नाथ परत नदीवर जायचे. असं एकशे आठ वेळा झालं. शेवटी तो माणूस पायावर पडला, तेव्हा नाथ म्हणाले की तुझ्यामुळं मला इतकी स्नानं घडली. त्या पोराला मी आता उत्तर देतो. बाळा, किती वेळा आंघोळ करायची? नाथांनी एका दिवसात एकशे आठ केल्या आणि दुष्काळात माझ्या बापानं आठवड्याला एक केली. दोघंही शुद्ध. हवा बघ, पाणी बघ, अंगाचा घाम बघ. मागच्या माणसाला पाणी उरेल इतकंच घे. आणि कुणी न्हाला नाही म्हणून त्याला टाळापासून लांब करू नको. तू लोणंदला बाजूला झालास, तेव्हा मी जवळच वीणा धरून उभा होतो आणि बोललो नाही. पाइपाखालची चूक दुसऱ्यांदा झाली. येत्या वारीला माझ्या शेजारी उभा राहा.

पुढच्या शंभर वर्षांसाठी दिंडीला तीन गोष्टी सांगतो. एक, पाण्याला आधी म्हातारी माणसं आणि बायका, मग आपण. दोन, टँकरवर माणशी अर्धी बादली. तीन, नीरेत आणि चंद्रभागेत साबण, शाम्पूच्या पुड्या, जुनी कापडं टाकायची नाहीत. खालच्या अंगाला कुणीतरी न्हात असतं, हे आपण एकदा विसरलो होतो. परत विसरायचं नाही.

चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे. चुकलंमाकलं पदरात घ्या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.