मेजावरचा मसुदा, दूरचा सर्व्हर : ब्लॉगलेखनाच्या एका सॉफ्टवेअरचा इतिहास

१/ इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख आणि दप्तरातले रुमाल आठवतात. २००६ नंतरच्या काही ब्लॉगांवर मात्र एक वेगळेच साधन सापडते. ‘ही तात्पुरती नोंद आहे, पुसली गेली नसेल तर स्वतः पुसावी’ अशा अर्थाची ती एक इंग्रजी नोंद. ब्लॉगच्या लेखकाने ती लिहिलेली नाही, एका सॉफ्टवेअरने लिहिली आहे. हा धागा त्या सॉफ्टवेअरचा.

२/ ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्स या छोट्या कंपनीने ‘ब्लॉगर’ सुरू केले. ब्राउझरमधील चौकटीत मजकूर लिहायचा आणि बटण दाबायचे, इतके ब्लॉगलेखन सोपे झाले. अडचण एकच होती. ऐनवेळी फोनलाइन तुटली किंवा पान बंद झाले, तर तासाभराचे लेखन क्षणात नाहीसे होई.

३/ उपाय उघड होता : आपल्या संगणकावर निवांत लिहावे आणि पूर्ण झाल्यावरच पाठवावे. पण आपल्या मेजावरील प्रोग्रॅमने दूरच्या सर्व्हरशी बोलायचे कोणत्या भाषेत? ती भाषा १९९८ मध्येच तयार झाली होती. डेव्ह वाइनर यांनी मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्यांसह घडवलेली ही पद्धत म्हणजे ‘एक्सएमएल-आरपीसी’.

४/ तिच्या आधारे २००१ मध्ये ब्लॉगरने आपला एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमसाठीचा करारनामा, खुला केला. त्यात लेखाच्या शीर्षकाला स्वतंत्र जागाच नव्हती. २००२ मध्ये वाइनर यांच्या ‘मेटावेब्लॉग’ एपीआयने ती उणीव भरून काढली.

५/ परिणाम दूरगामी झाला. लेखणी एकाची आणि छापखाना दुसऱ्याचा, अशी मोकळीक लेखकाला मिळाली. मॅकवर ‘एक्टो’ आणि ब्रेंट सिमन्स यांचे ‘मार्सएडिट’ नावारूपाला आले. मार्सएडिट २००७ मध्ये डॅनियल जल्कट यांच्याकडे गेले आणि पुढेही वाढत राहिले.

६/ विंडोजवर मान मिळाला तो ‘विंडोज लाइव्ह रायटर’ला. मार्च २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑनफोलिओ ही कंपनी विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती आली. ते मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ब्लॉगसेवेबरोबरच ब्लॉगर, वर्डप्रेस आणि टाइपपॅड या प्रतिस्पर्धी सेवांवरही लेख पाठवी.

७/ त्याचे मोठे आकर्षण असे की लेख ब्लॉगवर जसा दिसणार, तसाच लिहितानाही दिसे. त्यासाठी ते आधी एक तात्पुरती नोंद ब्लॉगवर प्रसिद्ध करी, ते पान उतरवून अक्षरांचे आकार, रंग, रुंदी टिपून घेई आणि नोंद पुसून टाकी. मध्येच संपर्क तुटला की नोंद तशीच राही. पहिल्या टिपणातील कोड्याचे उत्तर हे.

८/ आता बिघाडांकडे वळू, कारण वापरकर्त्यांचा समुदाय घडला तो एकमेकांचे बिघाड सोडवतानाच. वर्डप्रेसमध्ये या संवादाचे दार म्हणजे ‘एक्सएमएलआरपीसी डॉट पीएचपी’ ही फाइल. जाणते सांगत : तिचा पत्ता आधी ब्राउझरमध्ये उघडा. ‘फक्त पोस्ट विनंत्या स्वीकारल्या जातात’ असे उत्तर आले तर दार उघडे आहे, दोष दुसरीकडे शोधा.

९/ कधी दार मुळातच बंद असे. वर्डप्रेसच्या पुढच्या काही आवृत्त्यांत ही सोय सेटिंगमध्ये जाऊन स्वतः सुरू करावी लागे. डिसेंबर २०१२ मधील ३.५ आवृत्तीपासून ती आपोआप सुरू राहू लागली.

१०/ सर्वांत फसवा दोष एका कोऱ्या ओळीचा. एक्सएमएलची घोषणा उत्तराच्या अगदी आरंभी हवी, तिच्याआधी एक मोकळी जागाही चालत नाही. सर्व्हरवरील एखाद्या फाइलच्या शेवटी कोरी ओळ राहिली की उत्तर अवैध ठरे. लेख प्रसिद्ध झालेला असे, पण सॉफ्टवेअर ‘अपयश’ कळवी. लेखक पुन्हा बटण दाबी आणि एकच लेख दोनदा झळके!

११/ मार्च २०१४ मध्ये १,६२,००० हून अधिक वर्डप्रेस संकेतस्थळांच्या पिंगबॅक सोयीचा गैरवापर करून एका संकेतस्थळावर विनंत्यांचा भडिमार केला गेल्याचे उघड झाले. पिंगबॅकची वाटही त्याच फाइलमधून जाई. असे हल्ले टाळण्यासाठी अनेक ठिकाणी हे दारच बंद करण्यात आले. लाइव्ह रायटरचा त्यात काही दोष नव्हता, तरी त्याची वाट अडली.

१२/ तोवर त्याची वाढही थांबली होती. शेवटची मोठी आवृत्ती २०१२ ची. गूगलने ब्लॉगरसाठी लॉगिनची जुनी पद्धत बंद करायचे ठरवले, तेव्हा संकट दाराशी आले. दुरुस्ती करायला हौशी मंडळी तयार होती, पण कोड मायक्रोसॉफ्टच्या कुलपात होता.

१३/ स्कॉट हॅन्सलमन आणि मायक्रोसॉफ्टमधील काही स्वयंसेवकांनी त्यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला. अखेर ९ डिसेंबर २०१५ रोजी हा कोड ‘ओपन लाइव्ह रायटर’ या नावाने, एमआयटी परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला. मूळ लाइव्ह रायटर ज्या संचात मिळे, त्या विंडोज इसेन्शियल्सचा आधार जानेवारी २०१७ मध्ये संपला.

१४/ खुला कोड म्हणजे अमरपट्टा नव्हे. ब्लॉगरवर चित्रे चढवण्यासाठी हे सॉफ्टवेअर पिकासाच्या एपीआयवर विसंबून होते. २०१९ मध्ये गूगलने तो बंद केला आणि चित्रे अडकू लागली. एकतर्फी मोडता येणाऱ्या करारावर उभ्या असलेल्या साधनाचे हे भागधेय. फरक इतकाच की आता दुरुस्तीला हात घालण्याचा हक्क कोणालाही होता.

१५/ आणि एक दिलासा. मसुद्याची फाइल लेखकाच्याच संगणकावर राही. मायक्रोसॉफ्टची ‘लाइव्ह स्पेसेस’ ही ब्लॉगसेवा २०११ मध्ये बंद झाली, तरी अशी फाइल ज्याने जपली त्याचे लेखन त्याच्यापाशी उरले. कोड खुला असल्यामुळे ती फाइल कशी वाचायची, हेही उद्याच्या अभ्यासकाला शोधता येईल.

१६/ मोडी वाचणारे नसतील तर रुमाल शाबूत असूनही मुके राहतात, हे आपण जाणतोच. डिजिटल कागदांचेही तसेच आहे. प्रत आपल्यापाशी असावी आणि ती वाचण्याची किल्ली कोणा एकाच्या कुलपात नसावी. आजच्या आपल्या लेखनापैकी किती या कसोटीला उतरेल, हे प्रत्येकाने एकदा तपासून पाहावे.

धागा समाप्त.