न शिकवलेला धडा

हीरकमहोत्सवी स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहाव्यात, अशी रीत आहे. मी जी आठवण सांगणार आहे, ती एका न झालेल्या तासाची आहे. विज्ञानाच्या पुस्तकात पुनरुत्पादनावर एक धडा होता. फुलातले परागकण, बेडकाची अंडी, येथपर्यंत आमचे सर रंगून शिकवीत. मानवी शरीराची आकृती असलेले पान आले की, “हे घरी वाचून या,” एवढे म्हणून ते पुढच्या धड्याकडे वळत. मागच्या बाकांवर दबके हसू उमटे आणि विषय संपे. शाळा सुटल्यावर रस्त्यापलीकडच्या दवाखान्याच्या भिंतीवर मात्र एक मोठा लाल त्रिकोण दिसे. आईबाप आणि दोन मुले यांचे हसरे चेहरे दिसत. भिंत जे सांगत होती ते वर्गात का सांगता येत नव्हते, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

सरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ते भित्रे नव्हते. या विषयावर वर्गात बोलता येतील असे शब्दच त्यांना कोणी दिले नव्हते. ते का दिले गेले नाहीत, याला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ एका मराठी शिक्षकापासूनच होतो.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव आणि गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे असेच केंद्र त्याच वर्षी उघडले होते, यावरून कर्वे काळाच्या किती बरोबरीने चालत होते ते कळते. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या पाठीशी होत्या. विल्सन महाविद्यालयाच्या चालकांना मात्र हा प्रचार रुचला नाही. प्रचार सोडावा किंवा नोकरी सोडावी, असा प्रसंग आला, तेव्हा १९२५ मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली. शिक्षणसंस्थेचे दार बंद झाले म्हणून त्यांनी छापखान्याचे दार ठोठावले. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक निघाले आणि पदराला खार लावून त्यांनी ते १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत चालवले.

या मासिकाचे वैशिष्ट्य त्याच्या धीटपणापेक्षाही त्याच्या सरळपणात होते. शरीर, कामवासना, गुप्तरोग, गर्भधारणा या गोष्टींविषयी कर्वे गणित सोडवावे तशा थंडपणे लिहीत. वाचकांनी पत्रे पाठवावीत, मनातल्या शंका विचाराव्यात आणि संपादकांनी त्यांना उत्तरे द्यावीत, हा त्या मासिकाचा जिवंत भाग होता. घरात, शाळेत, देवळात कोठेही जे विचारता येत नव्हते, ते लोक तेथे विचारीत.

कायद्याची नजर पडली तीही अशाच मजकुरावर. पहिल्या खटल्यात, १९३१ साली, व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ चा दुसरा खटला अधिक बोलका आहे. तो वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून भरला गेला होता. म्हणजे येथे गुन्हा ठरले ते उत्तर देणे. या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही. लोक प्रश्न विचारत असतील तर जाणकाराने त्यांना उत्तर दिले पाहिजे, आणि गैरसमज दूर व्हायचे तर ते ज्ञानानेच होतील, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयाला तो पटला नाही. दोनशे रुपये दंड झाला.

हे असे का घडले, ते समजण्यासाठी अश्लीलतेची त्या काळची कसोटी पाहावी लागते. १८६८ मध्ये इंग्लंडमधील हिकलिन खटल्यात ती ठरली. ज्यांचे मन सहज बिघडू शकते अशांच्या हाती हा मजकूर पडला तर ते बिघडेल काय, एवढेच तीत पाहिले जाई. लिहिणाऱ्याचा हेतू काय, समंजस वाचकाला त्याचा उपयोग काय, हे प्रश्न गौण ठरत. समाजातल्या सर्वांत दुबळ्या मनाच्या मापाने सर्वांची वाणी मोजली जात होती. स्वातंत्र्यानंतरही ही कसोटी टिकली. मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली तिचाच आधार घेतला. आपल्या शाळेचा पाया घातला गेला तो याच दशकात.

मात्र सर्वत्र मौनच होते असे नाही. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्येच सरकारी रुग्णालयांतून संततिनियमनाचा सल्ला देण्याची सोय केली होती. स्वतंत्र भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ज्या कामासाठी कर्व्यांना नोकरी सोडावी लागली, ते त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी सरकारी धोरण झाले होते.

पुढे यात उद्योगही उतरले. १९६८ मध्ये ‘निरोध’ बाजारात आला, तो तीन नगांना पंधरा पैसे अशा सवलतीच्या दरात. तो खेडोपाडी पोहोचवण्याचे काम चहा, साबण, सिगारेट आणि बॅटरीचे सेल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे सोपवले गेले. लिप्टन, ब्रुक बाँड, हिंदुस्थान लिव्हर, टाटा ऑइल मिल्स ही नावे त्यांत होती. चहाच्या पुड्यांशेजारी किराणा दुकानात ही वस्तू येऊन बसली. दुकानदाराला जे जमले, ते शाळामास्तराला जमले नाही. कारण दुकानदाराला वस्तू फक्त द्यायची होती, समजावून सांगायची नव्हती.

लाल त्रिकोणाच्या त्या सगळ्या प्रचारात एक उणीव होती. त्यात देशाची लोकसंख्या होती; माणसाचे शरीर, त्याचे सुख, त्याची भीती, त्याची संमती यांचा उल्लेख नव्हता. माणूस म्हणजे केवळ आकडा असे मानले की काय होते, ते आणीबाणीत दिसले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील सक्तीच्या कथा घरोघरी पोहोचल्या. १९७७ नंतर कार्यक्रमाचे नावच बदलून ‘कुटुंब कल्याण’ करावे लागले.

त्यानंतर जाहिरातीचा सूर पालटला. १९९१ मध्ये ‘कामसूत्र’ या नावाचा निरोध बाजारात आला, तेव्हा त्याच्या जाहिरातीत ना त्रिकोण होता, ना हसरे कुटुंब. तेथे तरुण देह होते आणि सुखाचे आमंत्रण होते. देशाच्या चिंतेतून हा विषय एकदम चैनीच्या दालनात गेला. २०१७ मध्ये तर निरोधाच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळेत दाखवाव्यात, असे केंद्र सरकारला सांगावे लागले. उत्तान नसलेल्या जाहिरातींना हे बंधन नाही, असा खुलासाही नंतर आला. एकीकडे आकडेवारी, दुसरीकडे आमिष, आणि या दोहोंमध्ये जे साधे, खरे वाक्य हवे होते, ते बोलणारे कोणी नव्हते.

अगदी कोणीच नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्यासारख्यांना जवळचे वाटावे असे एक नाव आहे: डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असताना, १९८६ मध्ये, आपली विद्यार्थिनी निर्मला हिच्यासह त्यांनी भारतातील एचआयव्हीचे पहिले रुग्ण शोधून काढले. हा आजार आपल्याकडे असणारच नाही, आपली संस्कृतीच वेगळी, असे जाणती माणसेही म्हणत होती. नमुन्यांनी ते खोटे ठरवले. पुढे वडिलांच्या नावाने संस्था उभारून त्यांनी उपचारांबरोबरच समजावून सांगण्याचे काम आयुष्यभर केले. कर्व्यांप्रमाणे त्याही मुळात शिक्षकच होत्या, हा मला योगायोग वाटत नाही.

आता शाळेकडे येऊ. एड्सच्या भयाने का होईना, केंद्र सरकारने किशोरवयीन मुलांसाठी शिक्षणाचा एक कार्यक्रम आखला. २००७ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश यांसह अनेक राज्यांनी तो नाकारला. मुलांचे मन बिघडेल, हेच कारण दिले गेले. १८६८ ची कसोटी आता वर्गात येऊन बसली होती. त्याच २००७ साली केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. ही दोन वृत्ते शेजारी ठेवून वाचली की मौनाची किंमत कोण देते, ते कळते. आपल्यावर काय घडले हे सांगण्यासाठी मुलाजवळ आधी शब्द असावे लागतात.

२०१२ मध्ये मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा ‘पॉक्सो’ कायदा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिकलिन कसोटी बाजूला सारली. कायद्याने अशी वाट मोकळी करून दिली. आता चालायचे आहे ते आपण.

येथे मराठी शाळेवर एक विशेष जबाबदारी येते. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या घरांतून मराठी ही जेवणाची, सणाची, आजीची भाषा म्हणून टिकली आहे. शरीराविषयी बोलायचे झाले की आपण चटकन इंग्रजीचा आडोसा घेतो. मग मराठीत उरतात ते एकीकडे शिवीचे शब्द आणि दुसरीकडे पाठ्यपुस्तकातले न उच्चारलेले शब्द. ‘समाजस्वास्थ्य’ने सव्वीस वर्षे खटपट केली ती या दोहोंमधले सभ्य, नेमके मराठी जिवंत ठेवण्यासाठी. तो वारसा आपलाच आहे, आणि तो सांभाळायला फार मोठ्या योजना लागत नाहीत. मुलाने विचारलेल्या प्रश्नाला, त्याला न हसता आणि त्याच्यावर न रागावता, त्याच्या भाषेत उत्तर देणारा एक शिक्षक आणि घरी त्या शिक्षकाच्या पाठीशी उभे राहणारे आईबाप पुरेसे आहेत.

आमच्या सरांना ती सोबत मिळाली नाही. पंधरा वर्षांनी शाळेचा अमृतमहोत्सव येईल, तेव्हाही स्मरणिका निघेल. तीत आज आठवीत असलेल्या एखाद्या मुलीने त्या तासाविषयी लिहावे, आणि लिहावे ते इतकेच, की तो धडा वर्गात नीट शिकवला गेला होता.