दारूच्या तीव्र व्यसनावर डीप ब्रेन स्टिम्युलेशन: कुटुंबाने काय समजून घ्यावे

घरातला माणूस दोन-तीन वेळा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, गोळ्या झाल्या, शपथा झाल्या, तरी दारू सुटली नाही, की घरचे कोणताही उपाय करायला तयार होतात. अशा वेळी ‘मेंदूत यंत्र बसवून दारू सोडवतात’ असा व्हिडिओ मोबाईलवर आला, तर वावर विकून का होईना पण हे करू, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून आधी थेट उत्तर: ही शस्त्रक्रिया खरी आहे, पण दारूच्या व्यसनासाठी ती अजून प्रायोगिक आहे. तिच्यासाठी वावर विकू नका.

हे यंत्र काय करते?

डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस, मध्ये कवटीला लहान छिद्र पाडून मेंदूच्या ठरावीक भागात बारीक तारा सोडतात. त्या कातडीखालून छातीत, कॉलरबोनच्या खाली बसवलेल्या बॅटरीला जोडलेल्या असतात. तिथून सतत सौम्य विद्युतलहरी जातात. कंपवातासाठी हा मान्य उपचार आहे. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात तो १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून होतो.

व्यसनात लक्ष्य वेगळे असते. ‘न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बन्स’ नावाचा छोटासा भाग आनंद आणि बक्षिसाची ओढ सांभाळतो. वर्षानुवर्षांच्या दारूने तो असा बदलतो, की बाटली दिसली तरी तलफ उसळते. ‘मनावर ताबा नाही’ म्हणून रुग्णाला बोल लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

ही कल्पना सुचली तीही योगायोगाने. जर्मनीतील कोलोन येथे एका रुग्णाला तीव्र चिंताविकारासाठी डीबीएस केले. चिंता फारशी कमी झाली नाही, दारू मात्र खूप कमी झाली. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झाले. पुढे माग्डेबुर्ग येथे पाच रुग्णांवर प्रयोग झाला: पाचही जणांची तलफ घटली, दोघे कित्येक वर्षे दारूपासून दूर राहिले. व्हिडिओत बहुधा इथपर्यंतचेच सांगतात. २०२३ मध्ये जर्मनीतूनच १२ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात काहींचे यंत्र चालू, तर काहींचे बंद ठेवले होते, आणि कोणाचे चालू हे रुग्णाला माहीत नव्हते. पहिला घोट पुन्हा घेईपर्यंतचा काळ यंत्रामुळे वाढतो, हे त्यात सिद्ध झाले नाही. तलफ कमी होण्यासारखी काही आशादायक चिन्हे दिसली, पण एवढ्या थोड्या रुग्णांवरून उपचार ठरत नाही.

धोकेही आहेत: मेंदूत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तार सरकणे, काही वर्षांनी बॅटरी बदलणे. यकृत खराब झालेल्या रुग्णाचे रक्त नीट गोठत नाही, त्यामुळे त्याला रक्तस्रावाची भीती जास्त. नेमके असेच रुग्ण या शस्त्रक्रियेची चौकशी करतात.

आणखी एक गोष्ट. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारूशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारात मोडतात, आणि मानसिक आजारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची स्वतःची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची मंजुरी, दोन्ही लागतात. बायकोने किंवा भावाने सही करून भागत नाही. मंडळाचे नावही न काढता कोणी लाखांचा आकडा सांगत असेल, तर तिथून उठा.

त्याआधी काय उरले आहे?

बहुतेक वेळा बरेच काही. ‘सगळे करून झाले’ म्हणणाऱ्या अनेकांनी नालट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट ही तलफ कमी करणारी औषधे मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली पुरेसे महिने घेतलेलीच नसतात. पंधरा दिवसांत बंद केलेले औषध ‘लागू पडले नाही’ असे म्हणता येणार नाही. सोबत उदासी किंवा चिंता असेल, तर तिचाही उपचार हवा.

रुग्णाच्या नकळत चहात किंवा भाजीत औषध मिसळू नका. डायसल्फिराम पोटात असताना तो दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. पुडीतल्या ‘दारू सोडवण्याच्या’ औषधात काय आहे हे तुम्हाला कळणार नाही.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी एकदम बंद करणेही धोक्याचे. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येणे, भास होणे, बरळणे, अंग थरथर कापणे असे दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. बायपास किंवा घाट आड येतो अशा गावात राहत असाल, तर गाडीची सोय आधीच करून ठेवा.

सुरुवात अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे इर्विनमध्ये, मानसोपचार विभागाची चौकशी करून करता येईल. फोनवर बोलायचे असेल, तर टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आहे. जाताना जुन्या चिठ्ठ्या, रिकाम्या गोळ्यांची पाकिटे आणि यकृताचे रिपोर्ट न्या. शेवटची दारू कधी व किती घेतली, हेही लिहून ठेवा. डॉक्टर ते सगळ्यात आधी विचारतील.