आधी कोण उतरणार?

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्याकडे वैनगंगा आहे, चुलबंद आहे, बावनथडी आहे आणि गावोगावी मालगुजारी तलाव आहेत. समुद्र पाहायचा तर वरठीला भंडारा रोड स्टेशनवर गाडीत बसावे आणि मुंबईपर्यंत सुमारे नऊशे किलोमीटर जावे. असे असताना जहाजातून उतरण्याच्या इतिहासावर मी का बोलावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याला एक निमित्त झाले.

अलीकडे आमच्याकडची सेवानिवृत्त मंडळीही मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या मोठ्या क्रूझ जहाजावर दोन-चार दिवस राहून येतात. परत आली की समुद्राचे, रोषणाईचे आणि जेवणाचे वर्णन करतात. पण शेवटच्या सकाळचा विषय निघाला, की सूर बदलतो. "जेवन झकास होतं जी, पन उतरतानी लई फजिती झाली," असे एकांनी मला सांगितले. आदल्या रात्री बॅग खोलीबाहेर ठेवायची होती, ती त्यांनी ठेवली. रक्तदाबाच्या गोळ्या त्याच बॅगेत गेल्या. सकाळी त्यांच्या गटाचा पुकारा व्हायला अवकाश होता, तरी ते दोन तास जिन्यात उभे राहिले. शेजारी उभ्या असलेल्या शे-दोनशे माणसांनीही तेच केले होते.

ही फजिती आजची नाही. जहाजात चढताना माणसे एकेक करून येतात. उतरताना मात्र सगळ्यांना एकाच वेळी उतरायचे असते. त्यामुळे आधी कोण उतरणार, हा प्रश्न जहाजाइतकाच जुना आहे. वेगवेगळ्या काळात त्याची वेगवेगळी उत्तरे दिली गेली आणि त्या उत्तरांतून त्या त्या काळाचा स्वभाव कळतो.

साहेबाची बोट

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायत मुंबईच्या जवळ आली. त्या काळी पुष्कळदा आगबोट बंदरात नांगर टाकून उभी राहायची आणि प्रवासी लहान लाँचमधून अपोलो बंदराच्या पायऱ्यांशी येत. ९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी आणि कस्तुरबा 'अरेबिया' बोटीने आले, ते अपोलो बंदरावरच उतरले. पुढे बॅलार्ड पियर हा उतारूंचा मुख्य धक्का झाला. बोट सरळ धक्क्याला लागू लागली आणि तिथेच मोल स्टेशन नावाचे रेल्वेस्थानकही उभे राहिले. बोटीतून उतरलेला साहेब थोडी पावले चालून थेट लांब पल्ल्याच्या गाडीत बसे. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल विलायतेच्या उतारूंच्या हंगामात याच स्थानकातून सुटत असे.

बोट दिसली की उतरायचे, इतके ते सोपे नव्हते. आधी वाटाड्या म्हणजे पायलट बोटीवर चढायचा. मग बंदराचा डॉक्टर यायचा. बोटीवर साथीचा रोगी नाही अशी त्याची खात्री होईपर्यंत डोलकाठीवर पिवळे निशाण राही आणि कोणालाही खाली पाय ठेवता येत नसे. त्यानंतर शिडी लागे. मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीचा फरक मोठ्या उधाणाला चार-पाच मीटरपर्यंत जातो. त्यामुळे सकाळी सरळ वाटणारी शिडी दुपारी उभी चढण होऊन बसते. म्हणून शिडीची जागा आणि वेळ पाण्याकडे बघूनच ठरवावी लागे, आजही लागते.

सामानाची व्यवस्था तर निघण्याच्या दिवसापासूनच सुरू होई. पेट्यांवर निरनिराळ्या चिठ्ठ्या चिकटवत. एक 'केबिन'ची, म्हणजे खोलीत लागणाऱ्या सामानाची. दुसरी 'नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज', म्हणजे वाटेत लागणार नाही, खाली तळघरात टाका, या अर्थाची. क्रूझवर आज ज्या रंगीत चिठ्ठ्या देतात, त्यांची ही पणजी. कस्टमच्या छपरीत आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे सामान मांडत, म्हणजे ज्याला त्याला आपली पेटी सापडे.

पण माणसांच्या रांगेला अक्षर चालत नसे, तिथे तिकिटाचा वर्ग चाले. पहिला वर्ग आधी, मग दुसरा आणि सगळ्यात शेवटी डेकवरचे उतारू. ज्यांनी उन्हावाऱ्यात प्रवास केला, त्यांनाच शेवटी आणखी उन्हात थांबावे लागे. आजारी माणसाचे हाल तर विचारू नयेत. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईला उतरल्या, तेव्हा क्षयाने पार खंगल्या होत्या. पुढच्या फेब्रुवारीत त्या गेल्या. आठवडेच्या आठवडे बोटीत काढलेल्या अशा देहाला ती शेवटची शिडी किती जड गेली असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

सामान एकीकडे, माणूस दुसरीकडे

सामानाचा विषय निघाला की मला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात. भंडाऱ्याशी त्यांचे नाव १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीने जोडलेले आहे. इथून ते उभे राहिले आणि पराभूत झाले, हे जिल्ह्यातल्या जुन्या लोकांना चांगले ठाऊक होते. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. ते आगगाडीने मार्सेलिसला गेले, तिथे 'कैसर-इ-हिंद' बोटीत बसले आणि २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईला उतरले. त्यांचे सामान आणि पुस्तके मात्र दुसऱ्या बोटीने निघाली होती. ती बोट जर्मन पाणतीराने बुडाली. बोट बुडाल्याची बातमी मुंबईत आली, तेव्हा घरच्यांच्या काळजाचे पाणी झाले होते.

माणूस सुखरूप उतरला, पण पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. सामानाबद्दल टॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये नुकसानभरपाई मिळाली. त्यातले काही घरखर्चाला देऊन उरलेल्या पैशांवर ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. बडोद्यात अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळाली नाही, हा पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. मार्सेलिस ते मुंबई हा सगळा प्रवास त्यांनी तिकिटाच्या हक्काने केला. बोटीवर जागा मिळाली आणि आपल्याच देशात उतरल्यावर जागा मिळेना! उतरणे म्हणजे नुसते धक्क्यावर पाय टेकणे नव्हे, हे त्या दिवसांनी दाखवून दिले.

कोकणची बोट आणि पडाव

साहेबाच्या बोटीला धक्का तरी होता. आमच्या कोकणातल्या माणसाला तोही नव्हता. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर चढायचे आणि हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असे आपापल्या बंदरी उतरायचे. बहुतेक ठिकाणी खाडीच्या तोंडाशी गाळ आणि वाळूचे दांडे, त्यामुळे आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राही. किनाऱ्यावरून पडाव येत. बोट वर, पडाव खाली, आणि दोन्ही हलते. लाट पडावाला वर उचलते तो क्षण साधून खलाशी हाक देई आणि माणसाने पाय टाकायचा. लहान मुलांना तर वरच्या हातातून खालच्या हातात झेलत. मग ट्रंका, वळकट्या आणि आंब्याच्या रिकाम्या करंड्या. पडाव वाळूला लागला तरी गुडघाभर पाणी उरायचेच. रात्रभर ज्यांना बोट लागलेली असे, ती माणसे खलाशाच्या खांद्यावरून कोरड्या वाळूवर येत.

हे सगळे एका माणसाच्या शब्दावर चाले. तांडेल 'थांब' म्हणाला की थांबायचे. श्रीमंत असो की गरीब, लाट कोणाचे तिकीट पाहत नाही, म्हणून पडावात उतरताना वर्गाचा क्रम बाजूला पडे आणि पडावाचा तोल हाच क्रम ठरे. एक या बाजूला, एक त्या बाजूला. या साध्या नियमाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे कोरडी उतरली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, त्याआधीच ती आगबोट बंद पडली होती. बोटीबरोबर पडावही गेले.

तोल गेला तर काय होते, हे १७ जुलै १९४७ ला मुंबईजवळ दिसले. गटारी अमावास्येचा दिवस होता. 'रामदास' बोट सकाळी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली होती. वाटेत वादळी लाटांचे पाणी आत येऊ लागले. घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते आणि किनाऱ्यावरची कित्येक गावे सुतकात होती. समुद्र खवळला होता हे खरेच. पण हजार पाय एकाच दिशेने पळाले की लोखंडाची बोटही तग धरत नाही, हेही तितकेच खरे.

वैनगंगेची नाव

आता आमच्या नदीकडे येतो. भंडारा शहर वैनगंगेच्या एका तीरावर, कारधा दुसऱ्या तीरावर. कारध्याचा जुना पूल ब्रिटिश काळातला. त्यापूर्वी साकोलीकडे जाणाऱ्याला पावसाळ्यात नावेशिवाय गत्यंतर नव्हते. पूल झाल्यावरही मोठ्या पुरात तो पाण्याखाली जायचा. बाकी घाटांवर नाव आणि डोंगा चालूच राहिले. मी लहानपणी अनेकदा नावेने नदी ओलांडली आहे. आमच्याकडचे ढिवर नावाडी फार कमी बोलत. पण काठ जवळ आला की प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा: "बसून राहा जी, कोनी उठू नका." कारण मधल्या धारेत सगळे भिऊन गप्प बसतात आणि काठ दोन हातांवर आला, की भीती संपून सगळे एकदम उठतात. नाव तिथेच कलंडते.

नावाडी आधी स्वतः पाण्यात उतरून नाव ओढून धरी. मग काठाकडच्या टोकापासून एकेकाला उतरवी. कडेवर मूल असलेल्या बाईला हात देई, म्हाताऱ्याला टेकू देई. सायकली आणि पोती शेवटी. मालगुजार बसलेला असला तरी तो मधे बसला असेल तर मधेच उतरे. विलायती बोटीच्या कंपनीला जे सुचले नाही, ते घाटावरच्या निरक्षर माणसाला नावेच्या तोलाने शिकवले होते.

ही नदी अजूनही माणसे घेते. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या मजूर बायांची नाव वैनगंगेत उलटली आणि त्यात बळी गेले. एका दिवसाच्या मजुरीसाठी त्या नदी ओलांडत होत्या. क्रूझचे तिकीट काढणारा आणि मिरची तोडायला जाणारी बाई, दोघांचीही गरज एकच आहे: पलीकडे नीट उतरता यावे.

म्हणून मला आजच्या क्रूझची शिस्त जाचक वाटत नाही. ती तांडेलाच्या हाकेचीच सुधारलेली आवृत्ती आहे. जाणाऱ्यांना मी इतकेच सांगतो: आदल्या रात्री बॅग बाहेर ठेवण्यापूर्वी औषधे, चष्मा, ओळखपत्र आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत काढून ठेवा. जहाजावरचा हिशेब रात्रीच तपासा. परतीच्या रेल्वेचे तिकीट सकाळचे काढू नका, कारण धक्क्याला लागायला उशीर करणे हा समुद्राचा हक्क आहे. आपल्या गटाचा पुकारा होईपर्यंत निवांत चहा घ्या. गुडघे दुखत असतील तर आधीच सांगून ठेवा. त्यात कमीपणा नाही.

आणि एक गोष्ट आपल्या घरची. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली. त्या धरणाने वैनगंगेचा मोठा जलाशय झाला आणि त्यात जलपर्यटनाच्या बोटी चालवण्याच्या योजना आखल्या गेल्या. बोटी सुंदर असतील, त्यांचे फोटोही छापून येतील. पण जलाशयाची पातळी ऋतूप्रमाणे चढते-उतरते. आज जिथे काठ आहे तिथे चार महिन्यांनी चिखल असतो. तिथे पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का हवा, कठडा हवा, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवे आणि उतरेपर्यंत ते काढू न देणारा माणूस हवा. ज्या ढिवरांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांना पार उतरवले, त्यांच्याच मुलांना हे काम मिळाले तर त्याहून चांगले काय? काठ जवळ आल्यावर काय करायचे, हे त्यांना कोणी शिकवावे लागणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)