पेटी नको म्हणणारी मंडळी

यवतमाळच्या ख्रिस्ती उपासना-संगीतावर पीएचडी करतेय म्हटलं की लोक हमखास विचारतात, "तिथं ऑर्गन कधी आला?" मी मात्र वेगळ्याच प्रश्नाशी अडकलेय. ज्या मिशनने यवतमाळला आपलं केंद्र केलं, त्याच्या मूळ चर्चला ऑर्गन नकोच होता. का?

फ्री मेथडिस्ट चर्च 1860 मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात सुरू झालं. नावातल्या 'फ्री'चा एक अर्थ अगदी व्यावहारिक आहे: बाकं फुकट. तेव्हा बऱ्याच चर्चमध्ये बाकं भाड्याने मिळत, त्यामुळे पैसेवाला पुढे आणि गरीब मागे. जोडीला ऑर्गन आणि पगारी क्वायर. म्हणजे गाणार ते, ऐकणार मंडळी! बी. टी. रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी सरळ नियम केला, की उपासनेत वाद्य नको आणि क्वायरही नको. हा नियम सैल व्हायला 1943 साल उजाडलं.

हा संगीताचा तिटकारा नव्हता. मेथडिस्टांचे मूळपुरुष जॉन वेस्ली यांनी 1761 मध्ये गाण्याचे सात नियम छापले होते: सगळ्यांनी गा, ताल सोडू नका, ओरडून शेजाऱ्याचा आवाज झाकू नका वगैरे. सातवा सगळ्यात महत्त्वाचा: प्रत्येक शब्द म्हणताना लक्ष देवाकडे असू द्या, स्वतःच्या गळ्याकडे नको. गाणं हीच प्रार्थना, मग ती दुसऱ्याकडून कशी करून घेणार?

या चर्चचे अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड 1881 मध्ये भारतात आले. पुढे यवतमाळ या मिशनचं केंद्र झालं. आणि इथं, माझ्या मते, खरी गंमत आहे. आपल्याकडे भजनातलं वाद्य म्हणजे टाळ, आणि तो गाणाऱ्याच्याच हातात असतो. तो वाजला की माणूस श्रोता उरतच नाही. जे साधायला तिकडे वाद्य बंद केलं, ते इकडे वाद्यानेच साधत होतं.

ना. वा. टिळकांना हे नेमकं कळलं होतं. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचा अभंग सोडला नाही. त्यांची कितीतरी पदं 'उपासना संगीत'मध्ये आहेत. ध्रुवपदाची पद्धत पाहा: एकाने ओळ म्हणायची, सगळ्यांनी उचलायची, कडवं झालं की परत तिथंच यायचं. अक्षरओळख नसली तरी अडत नाही.

यावर आक्षेपही येतो, की येशूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रार्थनेतल्या पोकळ पुनरुक्तीबद्दल बजावलंय ना? बजावलंय. पण बायबलमधलंच 136वं स्तोत्र बघा, 26 वचनं आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद. मुद्दा पोकळपणाचा आहे, परत म्हणण्याचा नाही.

आता की-बोर्ड आहे, मोठे स्पीकर आहेत. परवा एका रविवारी मागच्या बाकावर नोंदी घेत बसले होते. पुढे चौघं माइकवर फार सुरेख गात होते. शेजारच्या आजी हात जोडून गप्प ऐकत होत्या. मग एक जुनं भजन लागलं, तशा त्या डोळे मिटून ध्रुवपद म्हणायला लागल्या, स्पीकरच्या अर्धा ठोका मागे.

तेव्हापासून माझ्या वहीत एक रकाना वाढलाय: ध्रुवपदाला किती जण तोंड उघडतात.